ओव्याची हवा

घरात वाफारा बसला आणि दुसऱ्याच दिवशी इनास परेराचा पाव फुगला नाही.

त्याने नेहमीसारखा मैदा मळला होता, नेहमीसारखा ओल्या फडक्याखाली झाकला होता. एरवी चहा पिऊन येईपर्यंत फडकं वर उचलणारं ते पीठ त्या सकाळी परातीत तसंच पडून राहिलं, दमून निजलेल्या माणसासारखं. इनासला वाटलं, यीस्ट शिळं असेल. त्याने नवीन पुडा फोडला. तेही तसंच. रोजची गिऱ्हाइकं पिशव्या हातात घेऊन दारात उभी राहिली आणि रिकामी परत गेली. पाव न मिळता माणसं परत जाण्याची त्या भट्टीची ती पहिलीच वेळ.

वसईच्या त्या गावात परेरांची भट्टी रस्त्याकडे होती आणि घर तिच्या पाठीला. मधे फळ्यांची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे भट्टीत भाजलेल्या पावाचा वास सगळ्या घरात असायचा. आता उलटं झालं होतं. घरातला ओव्याचा वास फळ्यांवरून उतरून भट्टीत पसरला होता.

वाफारा बसवला होता तो मार्सेलीनसाठी, इनासच्या बायकोसाठी. काही वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीने तिला स्वतःचं मूत्रपिंड दिलं होतं. ते शरीराने परकं समजून झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं तिला जन्मभर घ्यायची होती. एवढं सगळं निभावलं होतं. मग राखबुरशी आली.

ही बुरशी काही आभाळातून पडली नव्हती. ती मातीत, पेंढ्यात, शेणखतात कायमची होती. माणसाच्या अंगाची ऊब तिला सोसत नसे, म्हणून ती माणसाच्या वाटेला जात नसे. पण उन्हाळे वर्षागणिक चढत गेले आणि त्या तापलेल्या मातीत जी बुरशी तगली, तिला माणसाचं अंग गारच वाटायला लागलं. पिकांवर वर्षानुवर्षं मारलेली औषधं आणि दवाखान्यातली औषधं एकाच घराण्यातली, त्यामुळे गोळ्यांचीही तिला सवय होऊन गेली होती. धडधाकट माणूस तिचे कण श्वासातून घ्यायचा आणि त्याला पत्ताही लागायचा नाही. पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी, त्यांच्या फुफ्फुसात ती राखेसारखी करडी साय धरायची. मग फार दिवस लागत नसत.

उपाय सापडला तो स्वयंपाकघरातल्या डब्यांत. ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचं द्रव्य असतं. लवंगेच्या आणि दालचिनीच्या तेलांतही त्याचे भाऊबंद असतात. बुरशीच्या पेशीभोवती एक तलम, तेलकट पापुद्रा असतो. ही तेलं त्या पापुद्र्यात शिरतात, त्याला भोकं पाडतात आणि आतला जीवनरस बाहेर गळून जातो. माणसाच्या पेशीचा पापुद्रा वेगळ्या घडणीचा, म्हणून बेताच्या मात्रेत त्याला इजा होत नाही. तेलं पुसून किंवा फवारून तितका उपयोग होत नसे, पण त्यांची वाफ मात्र फटीफटीत पोचायची. भिंतीवर टांगायचं एक यंत्र निघालं. ते हवेतली मात्रा स्वतः मोजायचं आणि लागेल तेवढीच वाफ सोडायचं. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. लोक त्याला वाफारा म्हणत.

इनासने मार्सेलीनच्या डॉक्टरांना, रुखसाना मुजावरांना विचारलं. डॉक्टर मुजावर बुरशीच्या रोगांवरच काम करायच्या. मूळच्या मिरजेच्या, सावकाश आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी त्याला समजावलं की यीस्ट म्हणजेसुद्धा बुरशीच. तुम्ही पाळलेली कोणती आणि जीव घेणारी कोणती, हे वाफाऱ्याला कळत नाही. मग त्या म्हणाल्या की आता विषय निघालाच आहे तर दुसरी गोष्टही ऐका. पिठाची धूळ, ओली फडकी, गरम दमट हवा म्हणजे बुरशीचं माहेरच. भट्टीतून उठून तुम्ही तसेच घरात जाता. वाफारा असला तरी इतके कण रोज अंगावरून आत आणणं बरं नाही.

म्हणजे तिची हवा त्याच्या पिठाला मारत होती आणि त्याचं पीठ तिच्या जिवावर उठलं असतं.

भट्टी हलवायची ठरली. गावातल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी परेरांची एक जुनी शेड होती. इनासने तिथे नवी भट्टी बांधली. सुरुवातीला तो काम आटपून आंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि घरी यायचा. रात्री घरी झोपून परत गेला की मात्र त्याच्या केसांतून, अंगावरून ओवा शेडमध्ये यायचा आणि पीठ कुरकुरत, अर्धवट फुगायचं. तरी त्याने काही महिने रेटलं. मग मार्सेलीनला ताप आणि खोकला झाला. दवाखान्यात तपासण्या झाल्या. साधा सर्दी-खोकलाच निघाला, पण निकाल येईपर्यंत इनास बाकावर बसून स्वतःच्या नखांतलं पीठ कोरत होता. परतल्यावर त्याने अंथरूण-पांघरूण उचललं आणि तो शेडवर राहायला गेला.

तिथून पुढचे दोन पावसाळे ते असेच राहिले. दुपारी भट्टी निवली की इनास घरामागे यायचा आणि मागच्या खिडकीशी स्टुलावर बसायचा. खिडकीला बारीक जाळी आणि काच. मार्सेलीन काच थोडी सरकवायची आणि आतून खुर्ची ओढून बसायची. पहिल्या पहिल्यांदा ते तास-दोन तास बोलत. कोण आजारी, कुणाच्या मुलीचं ठरलं, केळी कशी आली. हळूहळू बोलणं आटलं. रोज तोच स्टूल, तीच जाळी. नवीन घडायचं ते त्याच्याकडे घडायचं आणि ते सांगताना त्याला चोरट्यासारखं वाटायचं. पुढे पुढे तो नुसता बसायचा, ती नुसती बसायची आणि भिंतीवरचा वाफारा मधूनमधून उसासा टाकायचा.

भट्टी बंद कर, असं मार्सेलीन त्याला कधी म्हणाली नाही. म्हणाली नाही, त्याअर्थी तिला तसं नको असणार, असं इनासने धरून चाललं होतं. औषधं महाग आहेत, कमावायला हवं, असं तो लोकांना सांगायचा. ते खोटं नव्हतं. पण मनात त्याला ठाऊक होतं की पिठात हात घातल्याशिवाय उजाडलेला दिवस कसा घालवायचा, हे त्याला येत नव्हतं.

त्या काळात गावात माणसं गेली. मासळी विकणारी एक बाई, तिला मधुमेह होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गुरुजी, ते दम्यासाठी स्टेरॉइड घ्यायचे. मग प्रशासनाने रक्षित वस्तीची योजना आणली. वस्तीतल्या प्रत्येक बंद जागेत वाफारा लावायचा. दुकानं, मंडई, शाळा, चर्च, बस, सगळीकडे. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना तोंडावर मास्क पुरेसा. मार्सेलीनसारख्या घरात कोंडलेल्या माणसांना बाहेर पडता येणार होतं. अट एकच होती, कुणालाही सूट नाही. भट्ट्यांना तर नाहीच, कारण बुरशीचे सगळ्यात जास्त कण तिथेच सापडत.

गावात आणखी तीन भट्ट्या होत्या. सगळ्यात मोठी बावतीसची, इनासच्या चुलतभावाची. लहानपणापासून दोघांनी एकाच भट्टीत हात भाजून घेतले होते. तो शेडवर आला आणि सांगून गेला की वॉर्डसभेत इनासनेच विरोधात उठावं. ज्याची बायको आजारी आहे तोच नको म्हणतोय म्हटल्यावर कोण पुढे बोलणार.

इनासने ते मार्सेलीनला जाळीपाशी बसून सांगितलं. तिने काच आणखी थोडी सरकवली. मग म्हणाली, "मला मंडईत जायचंय, इनास. वांगी हातात घेऊन बघायचीत. बाकी तुला काय करायचं ते कर."

सभा शाळेत भरली. इनास बोलायला उठला नाही. योजनेच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर त्याने हात वर केला. शेजारच्या बाकावर बावतीस होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि सभा संपायच्या आधीच तो उठून गेला.

योजना मंजूर झाली आणि महिन्याभरात भट्ट्यांमधलं पीठ फुगायचं थांबलं. गावाला पाव कमी पडला असं नाही. भिवंडीकडच्या कारखान्यातून टेम्पो भरभरून पाव यायला लागला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, मऊ, कसलाच वास नसलेला. तो टेम्पो बावतीस चालवायचा. त्याने स्वतःची भट्टी विकून टाकली होती. रोज सकाळी तो इनासच्या समोरच्या दुकानात पाव उतरवायचा आणि मान वर न करता निघून जायचा.

इनास परत घरी राहायला आला. रस्त्याकडची जुनी भट्टी त्याने पुन्हा पेटवली आणि तो नानखटाई, केक, खारी करायला लागला. त्यांना यीस्ट लागत नाही. हात चालायचे, पण त्यात जीव नव्हता. पीठ मळायचं आणि लगेच भाजायचं. मधे वाट बघणं नाही. आपलं निम्मं काम वाट बघण्याचं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

मार्सेलीन मात्र पहिल्या दिवसापासून घरात थांबली नाही. मंडईत गेली आणि अर्धा किलो वांग्यांसाठी सकाळभर हुज्जत घालून आली. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेली. बायकांच्या मंडळात गेली. नाताळच्या गायकवृंदात नाव घालून आली, जरी तिचा गळा बेताचाच होता. एवढी वर्षं तिच्याशिवाय राहिलेला इनास आता घरात एकटा बसून ती कधी येते याची वाट बघायचा. पण रात्री ती शेजारी असायची. झोपेत त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घ्यायची. त्याला तेवढं पुरत होतं.

असं वर्ष गेलं, त्याच्यावरही काही महिने. नोव्हेंबरात मार्सेलीन त्याला ओढून तिच्या मावसबहिणीच्या मुलाच्या लग्नाला घेऊन गेली. सगळे गेले रक्षित हॉलमध्ये, मास्क लावून, रक्षित बसने. जाण्याच्या घाईत खारीच्या पिठाचा एक गोळा पातेल्यात तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इनास भट्टीत शिरला तर पातेल्यावरचं झाकण तिरकं झालेलं होतं. खालून पीठ वर आलं होतं आणि काठावरून ओथंबत होतं.

त्याने त्यात बोट खुपसलं. पीठ खाली दबलं आणि हळूहळू परत वर आलं. ओव्याच्या वासाखालून आंबूस, गोडसर वास आला. त्यात कुणी यीस्ट घातलं नव्हतं. लाकडी पाटाच्या भेगेत कुठेतरी जुनं पीठ वाळून राहिलं असेल आणि त्यातून काहीतरी जगलं असेल.

त्याने दुसरा विचार केला नाही. भट्टी तापवली, गोळे केले, भाजले. पाव बाहेर आला तो वेडावाकडा, कडेला जरा करपलेला, पण पावच. इनासने तो फोडला, वाफ तोंडावर घेतली आणि उभ्या उभ्या अर्धा खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

उरलेला अर्धा हातात धरूनच त्याचं लक्ष भिंतीवर गेलं. वाफाऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता. हवेत मात्रा पुरेशी होती. यंत्रात काही बिघाड नव्हता.

यीस्ट म्हणजेसुद्धा बुरशीच, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ही बुरशी या हवेत जगायला शिकली असेल, तर दुसरी का शिकणार नाही? इनास मैद्याच्या पोत्यावर बसला.

त्या पिठाचा एक गोळा त्याने राखून ठेवला होता, तो घालून पुन्हा मळलं. ते आदल्यापेक्षा लवकर फुगलं. दोन दिवस तो कुणाशी काही बोलला नाही. मार्सेलीन डोक्याला स्कार्फ बांधून गाण्याच्या सरावाला जायची आणि तो दारातून तिच्या पाठीकडे बघत राहायचा. सांगितलं तर ती पुन्हा जाळीमागे जाणार. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. आणि कदाचित होईल.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने पावाचा तुकडा तिच्या ताटात ठेवला. तिने तो उलटून पाहिला. हा कारखान्याचा नाही, हे तिला विचारावं लागलं नाही. त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"नाताळ होऊ दे."

"तोवर तुला काही झालं तर?"

"दोन वर्षं मला काही झालं नव्हतं," मार्सेलीन म्हणाली. "जाळीमागे. ते काय जगणं होतं?"

तिने विषय तिथेच सोडला. ताटं धुतली, ओटा पुसला, गोळ्या घेतल्या. पण सकाळी तो उठून भट्टीत आला तेव्हा फुगलेल्या पिठाचा गोळा पातेल्यात नव्हता. मार्सेलीनने तो स्टीलच्या डब्यात भरला होता, डब्याला रबर लावलं होतं आणि डबा त्याच्या चपलांशेजारी ठेवला होता. ती स्वतः आत गाणं गुणगुणत होती, नाताळचंच, सूर चुकवत.

डॉक्टर मुजावरांनी डबा उघडला आणि त्या आतल्या पिठाकडे पाहत बसल्या. त्यांना धक्का बसल्यासारखं दिसलं नाही, दमल्यासारखं दिसलं. वाफाऱ्यांच्या जाळ्यांवरून येणाऱ्या नमुन्यांत त्यांना काही महिन्यांपासून शंका येत होती आणि त्यांनी ती वर कळवलीही होती. पुरेसा पुरावा नाही, असं उत्तर आलं होतं. आता त्यांनी यीस्ट वेगळं काढलं आणि साठवलेली राखबुरशीही पुन्हा तपासली. यीस्ट पूर्ण शिकलं होतं. राखबुरशी निम्म्या वाटेवर होती.

त्यांनी इनासला बोलावून सांगितलं ते असं. सगळीकडे, सतत आणि थोडं थोडं तेल हवेत राहिलं. कच्च्या बुरशा मेल्या, पण ज्यांचा पापुद्रा थोडा जाड होता त्या राहिल्या आणि त्यांचीच वीण वाढली. मात्र जाड पापुद्रा बाळगणं हेही ओझंच असतं. हवेतून तेल गेलं तर त्या ओझ्याचा फायदा उरत नाही. मग हलक्या, कच्च्या बुरशा पुन्हा पुढे जातात आणि शिकलेल्या मागे पडतात. त्याला वर्ष लागेल, कदाचित जास्त. तोपर्यंत सार्वजनिक वाफारे बंद ठेवायचे. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांच्याच घरात ते चालवायचे, तेही तेलं बदलून बदलून. आणि त्या घरांतून कुणी आत-बाहेर करायचं नाही.

"लवकर कळलं म्हणून एवढं तरी हातात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या मिसेसना सांगा. नको, मीच फोन करते."

बंदची तारीख नाताळच्या आधीची निघाली. गावात कुणी इनासला दुवा दिला नाही. कुणाच्या म्हाताऱ्या आईला पुन्हा कोंडावं लागणार होतं, कुणाच्या कॅन्सरच्या मुलीची शाळा सुटणार होती. परेराने आपली भट्टी सुरू व्हावी म्हणून हे केलं, असंही लोक बोलले. इनासने कुणाला खुलासा दिला नाही. खुलासा देण्याइतका जोर त्याच्यात उरला नव्हता.

तेच ऐकून बावतीस आला. सभेनंतर पहिल्यांदाच. दारात उभा राहून म्हणाला की उशिरा का होईना, तू आमचाच निघालास. इनासने त्याला आत बसवलं. मग यीस्टचा जुना पुडा नाही, तर डॉक्टरांकडे डबा नेण्याआधी त्यातून थोडं काढून फडक्यात बांधून ठेवलेलं ते फुगतं पीठ त्याच्या हातात दिलं आणि बावखलाकाठच्या शेडची किल्लीही दिली. तिथली भट्टी चांगली आहे, धुराडं तेवढं साफ करून घे, असं सांगितलं. बावतीसला काही उमजेना. तू काय करणार, असं त्याने दोनदा विचारलं. इनास म्हणाला, बघू.

बंदच्या दिवशी शेवटची मिस्सा होती. मार्सेलीन तिला गेली. इनास गेला नाही. त्याने न्हाव्याकडून डोकं पार बारीक करून घेतलं, साबण लावून दोनदा आंघोळ केली, उकळत्या पाण्यातून काढलेले कपडे घातले. फळ्यांच्या भिंतीवरची फट त्याने आदल्या दिवशीच बंद केली होती. भट्टीचं रस्त्याकडचं दार बाहेरून लावून टाकलं आणि तो मागच्या दाराने घरात येऊन बसला.

मार्सेलीन परतली तेव्हा अंधारून आलं होतं. तिने उंबऱ्यात चपला काढल्या, मास्क काढला आणि त्याला खुर्चीत बसलेलं पाहून ती थबकली.

"तू इथे कसा? दार लावायचं ना आता?"

"लाव."

"आणि भट्टी?"

"बावतीस बघेल."

तिने दाराला पाठ टेकली. त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "तू काही मला बोलली नव्हतीस. माझं मी ठरवलं."

"नाही बोलले," मार्सेलीन म्हणाली. "मागच्या वेळीसुद्धा नाही बोलले. दोन वर्षं जाळीत बसून वाट बघत होते, हा माणूस आपणहून आत कधी येतो म्हणून."

इनासने मान खाली घातली. तिने दार लावून घेतलं, फटीवर रबराची पट्टी दाबून बसवली आणि वाफाऱ्याची कळ फिरवली. या वेळी वास वेगळा होता, दालचिनीचा, जरा नाकात झोंबणारा. दोघांनाही शिंका आल्या.

मग ती स्वयंपाकघरात गेली, वालपापडीचं ताट घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवून खाली बसली. दोघं शेंगा सोलायला लागली. त्याचा हात पिठाला सरावलेला, शेंग त्याला नीट उघडेना. तिने एक शेंग घेऊन सावकाश दाखवली, अंगठा कुठे लावायचा ते.